आतल्या खोलीतला हुंकार

१

ऐश्वर्याला दचकायला कारण लागत नसे. कुकरची शिट्टी, मागून आलेली हाक, मांडीवरच्या मोबाइलचं नुसतं थरथरणं, कशानेही तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. आई म्हणायची, "हिच्या वेळी मला डोहाळे लागलेच नाहीत, नुसते फटाके ऐकू आले असणार." बी.ए. झाल्यावर एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारींना घरून लेखी उत्तरं द्यायची नोकरी तिला लागली आणि ती तिला मानवली, कारण त्या नोकरीत फोन वाजत नसे. काम संध्याकाळी सुरू व्हायचं. दुपार मोकळी.

त्या मोकळ्या दुपारी ती तळमजल्यावरच्या गोदूबाईंना कादंबरी वाचून दाखवू लागली. गोदूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, मुलगा कमलेश दिवसभर कामावर, आणि डॉक्टरांनी टीव्ही बंद केलेला.

"टीवी गेला ते बरंच झालं गो बाय," म्हातारी म्हणाली. "नुसती सासवा-सुनांची कचकच. पन दुपार खायला उठते."

ऐश्वर्याने वाचनालयातून आणलेली एक जुनी कादंबरी तेव्हा नुकतीच हातात घेतली होती. खाकी पुठ्ठ्याची बांधणी, आतलं मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं. गोष्ट घोडबंदरची, फिरंग्यांच्या अमलातली. गढीवरच्या फिरंगी सरदाराची मुलगी इनेस आणि खाडीकाठच्या मिठागरात राबणारा रघू. त्याला तिची भाषा येत नाही, तिला त्याची. मग तो चिखलातून खेकडा उचलून धरतो आणि म्हणतो, "खेकडा." ती हसते आणि आपल्या भाषेतला शब्द सांगते. असं करत करत दोघं अर्धं जग एकमेकांना नावं सांगून वाटून घेतात.

"वाच," गोदूबाई म्हणाल्या. "पन एक. आमच्यात गोष्ट आयकनाऱ्याने हूं म्हनायचं असतं. वाक्य संपलं की हूं. नायतर सांगनाऱ्याला वाटतं भिंतीला सांगतंय. आनि दुसरं, शेवट आधी बघायचा नाय."

ही दुसरी अट ऐश्वर्याला जड होती. कुठलंही पुस्तक हातात आलं की ती आधी शेवटचं पान वाचत असे; सगळी जिवंत आहेत ना, एवढी खात्री झाल्याशिवाय तिला पहिलं पान उघडवत नसे. पण तिने कबूल केलं. आणि आश्चर्य म्हणजे, त्या हुंकारांच्या तालात तिची वाचताना कापणारी जीभ सरळ झाली. वाक्य संपावं, पलंगावरून "हूंऽ" यावं, पुढचं वाक्य आपोआप ओठांवर यावं. मधेच म्हातारी टोकायची, "ती दोघं जेवली का गो? तो लिहिनारा चंद्रच दाखवतोय मगासपासून. पोटाला काय घालत नाय त्यांना."

एका दुपारी इनेस पहिल्यांदा अनवाणी मिठागराच्या बांधावर उतरली. ऐश्वर्याने तो परिच्छेद संपवला. "हूंऽ" आला. तिने पान उलटलं, पुढचं वाचलं. "हूंऽ." आणखी एक वाक्य. "हूंऽ." सहज वर पाहिलं तर गोदूबाईंचं तोंड उघडं होतं आणि त्या बारीक घोरत होत्या.

तिने पुढचं वाक्य वाचलं नाही. खोलीत पंखा फिरत होता. तो आवाज सोडून सगळं गप्प होतं. मग, सांगणारी का थांबली असं विचारावं तसा, आतल्या खोलीच्या पडद्याआडून किंचित चढा हुंकार आला. "हूं?"

२

पारवा असणार. वर घरी येईपर्यंत तिने हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की जिन्यातच ते पटलं. ठाण्याच्या वर्तकनगरात माणसांपेक्षा पारवे जास्त. खिडकीच्या जाळीवर बसून घुमतात, तो आवाज थेट हुंकारासारखाच. नाहीतर शेजारचा फ्रिज. नाहीतर पाण्याचा पाइप. कारणांना तोटा नव्हता. तोटा होता तो एवढाच, की पारवा वाक्य संपायची वाट बघत नाही.

"कुठे होतीस?" आईने विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"गोदूआजींकडे. गोष्ट वाचून दाखवते त्यांना."

"भर दुपारी?" आई हसली. "दिवसा गोष्टी सांगू नयेत गं, मामा वाट चुकतो. लहानपणी आम्हाला हेच सांगून गप्प बसवायचे. आणि तुझा मामा तर येतोय या शुक्रवारी."

 देवराममामा चिपळूणहून येणार होता आणि रविवारी सगळ्यांना घेऊन डोंबिवलीला एका घरी जाणार होता. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, पत्रिका जुळली होती. बाबा गेल्यापासून या घरात मामाचा शब्द शेवटचा असे.

"आई, मला एक सांगायचं होतं..."

"बोल."

आईचे हात ताटात थांबले होते. ती खरंच ऐकत होती. तिचा चेहरा इतका मोकळा होता की ऐश्वर्याला तो मोडवेना.

"दूध ठेवलंय का गॅसवर? वास येतोय."

"नाही ठेवलेलं. हेच सांगायचं होतं?"

"हो."

सुमितचा फोन आला तेव्हा ती बाल्कनीत होती. सुमित कॉलेजमधला, राहायला कल्याणला, नोकरी घोडबंदर रोडवर. त्याच्या आईला, मायाबाईंना, दोन वर्षांपासून सगळं ठाऊक होतं. सुमितच्या घरी ऐश्वर्या कितीदा तरी जेवली होती. तिच्या घरी मात्र सुमितचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

"बोललीस?"

"सुरुवात केलेली."

"ऐशू, तू दर वेळी सुरुवातच करतेस." तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं वाटलं असतं. "हे बघ, तुझ्या मामासमोर मी येऊन उभा राहतो, तू म्हणशील तेव्हा. पण पहिलं वाक्य तुझं पाहिजे यार. मी येऊन सांगितलं तर ते मागणं होईल. तू सांगितलंस तर ती गोष्ट होईल."

"आणि नाही जमलं तर?"

 "मग रविवारी जा डोंबिवलीला," तो म्हणाला. "मी अडवायला येणार नाही. तसला सीन नको मला."

३

न जाण्याचं ठरवूनही दुसऱ्या दुपारी ती खाली गेली. खरं कारण पुस्तक. इनेसच्या बापाला सुगावा लागला होता, गढीचा दरवाजा बंद झाला होता, आणि रघू रोज संध्याकाळी मिठाच्या ढिगावर दिवा ठेवत होता, तिच्या खिडकीतून दिसेल असा. अशा ठिकाणी पुस्तक कोण टाकतं? रात्रभर तिच्या डोक्यात ती दोघंच होती. इनेसने पहिल्यांदा "मीठ" म्हटलं तेव्हा ठ जमला नव्हता, ते आठवून ती ब्रश करताना एकटीच हसली होती. आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं तरी प्रेम सांभाळायला मिळालं की आपल्या छातीवरचा दगड हलका होतो, हे तिला या पुस्तकाने शिकवलं होतं.

आत जाताच तिने आधी आतली खोली पाहिली. "आजी, पाणी घेते हं," म्हणत पडदा सारला. गुंडाळलेली गादी, कमलेशचे इस्त्रीचे कपडे, बंद खिडकी. एकही पारवा नाही. खोलीला ओहोटीनंतरच्या खाडीसारखा वास होता. पण खाडी काही फार लांब नव्हती, वारा कुठूनही येतो. तिने पडदा नीट ओढून घेतला.

मग तिने एक शहाणपणा केला. मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून उशीजवळ ठेवला आणि वाचायला बसली. गोदूबाईंना झोप लागली. हुंकार पडद्याआडून येऊ लागले. मऊ, वेळेवर, एकही न चुकणारे. ऐश्वर्याच्या मानेवरचे केस उभे राहिले, पण तिचा वाचण्याचा आवाज थांबला नाही, उलट तो इतका छान लागला की तिला स्वतःचंच भय वाटलं. गोदूबाई टोकत तरी असत. हा ऐकणारा नुसता ऐकत होता. रघूने तटाखालून हाक मारली तिथे हुंकार जरासा अडखळला, गळा दाटून यावा तसा.

घरी येऊन तिने रेकॉर्डिंग ऐकलं. पंखा. तिचा आवाज. म्हातारीचं घोरणं. हुंकार एकही नव्हता. प्रत्येक वाक्यानंतर नुसती एक जागा होती, हुंकार मावेल एवढी.

हुश्श. भास. कॉलेजात मानसशास्त्राचा एक पेपर दिला होता तिने; चिंताग्रस्त मन रिकाम्या जागा भरून काढतं, असं काहीतरी त्यात होतं. ती रेकॉर्डिंग बंद करणार एवढ्यात तिचा स्वतःचा आवाज आला, वाचनाच्या मधेच, पुस्तकातला नसलेला, कुणाला तरी समजावत असल्यासारखा:

"हो, हो. सांगते ना."

हे ती कधी बोलली होती?

४

"आजी," दुसऱ्या दिवशी तिने दारातूनच विचारलं. पुस्तक छातीशी धरलेलं होतं, चप्पल पायात होती. "तुम्ही झोपता तेव्हा हूं कोण म्हणतं?"

गोदूबाई सुपारी कातरत होत्या, डोळ्यांवर हिरवा चष्मा. हात थांबला नाही. "मी झोपते? छ्या."

"घोरता तुम्ही."

"मग म्हनत आसंल कोनीतरी."

"कोण?"

"मना काय ठावं? मी झोपलेली ना!" म्हातारी स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसली. मग गंभीर झाली. "भिऊ नको गो. वाईट असतं ते आयकत नाय. आयकायला धीर लागतो. माझा मालक होता, आख्ख्या जन्मात माझं एक वाक्य पुरं आयकलं नाय त्याने. तो जिवंत मानूस होता."

"मला नाही वाचायचं आता इथे."

"नको वाचूस." अडकित्ता कट्कन वाजला आणि ऐश्वर्या उडाली. "पन अर्धी गोष्ट टाकून उठू नये. वाटंवरचं मानूस वाटंवरच ऱ्हातं."

ती वर निघून आली. पुस्तक कपाटात टाकलं, वर दोन चादरी ठेवल्या. पुढे काय झालं ते वाचायचंसुद्धा नाही, असं ठरवलं. इनेस खिडकीत आणि रघू ढिगावर, तिथेच राहिले.

५

शुक्रवारी मामा पहाटे चिपळूणहून निघाला. जेवायला घरी, असा त्याचा निरोप होता. आईने सुरमई आणून ठेवली. देवराममामा जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेला. ठाण्याचा रस्ता त्याला झोपेत विचारला तरी सांगेल. नवे पूल झाले, मेट्रोचे खांब आले, तरी तो कधी कुणाला पत्ता विचारत नसे. पत्ता विचारणं म्हणजे ड्रायव्हरचा अपमान, असं त्याचं म्हणणं.

जेवायची वेळ टळून गेली. मामाचा पत्ता नाही.

"माजिवड्याला ट्रॅफिक असेल," आई म्हणाली. सारखी खिडकीशी जात होती.

शेवटी फोन आला. ऐश्वर्याने उचलला.

"ऐशू, अगं एक सांग," मामाचा आवाज होता, पण त्यातला नेहमीचा रुबाब कुणी काढून घेतला होता. "माजिवड्याचा पूल पाडला काय?"

"नाही रे मामा. कुठे आहेस तू?"

"माजिवड्यालाच तर आहे! म्हणजे... वळलो तेव्हा होतो. आता पूल दिसत नाही. बिल्डिंगा दिसत नाहीत गं. मी कधीचा फिरतोय, परत परत त्याच बांधाशी येतोय. उजव्या हाताला पाणी आहे. आणि पांढरे पांढरे ढीग घातलेत ओळीने. हे काय असतं?"

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"माणूस एक उभा आहे तिकडे ढिगावर," मामा म्हणाला. "उतरून विचारतो त्याला."

"मामा, उतरू नकोस! ऐक माझं, गाडीतच बस!"

खरखर झाली. फोन तुटला. परत लावला तर लागेना.

"काय म्हणतो दादा?" आईचा चेहरा उतरला होता.

"वाट चुकलाय," ऐश्वर्या म्हणाली आणि कपाटाकडे धावली. चादरी जमिनीवर पडल्या.

"अगं, पुस्तक घेऊन कुठे चाललीस? डोकं फिरलंय का तुझं?"

 तिचं सगळं शिक्षण जिन्यात तिच्या पदराला धरून मागे ओढत होतं. हा योगायोग आहे, मामा म्हातारा झालाय, त्याला चक्कर आली असेल, पोलिसांना फोन कर. ती ते सगळं ऐकत होती, पटतही होतं. पाय मात्र खाली उतरत होते.

६

गोदूबाई गाढ झोपल्या होत्या. तिने त्यांना उठवलं नाही. जमिनीवर बसली, आतल्या खोलीच्या पडद्याकडे तोंड करून, आणि सोडलं होतं तिथून वाचायला लागली.

"हूंऽ," लगेच आला. इतका लगेच, की वाट बघूनच कुणी बसलं असावं.

ती वाचत राहिली. दाराबाहेर रिक्षा गेली, कुणाचा कुकर झाला, आणि मग हळूहळू ते आवाज येईनासे झाले. पंख्याचा आवाज होता तो पाण्याचा वाटू लागला. इनेसची खिडकी, रघूचा दिवा, मराठी फौज येत असल्याची गढीवर आलेली बातमी, फिरंग्यांची आवराआवर. शेवटची काही पानं उरली तसे तिचे हात ओले झाले. होडी लागली. इनेसला होडीत बसवलं. रघू बांधावरून धावला. खाडीच्या तोंडाशी होडी वळली. मागे मिठाच्या ढिगावर दिवा होता, तो लहान होत गेला. एवढंच. पुस्तक संपलं.

हुंकार आला नाही.

ती थांबली. "संपलं," ती कुजबुजली. "संपली गोष्ट. आता सोड माझ्या मामाला."

काहीच नाही. ओल्या मिठाचा वास दाट झाला. खोलीतला उजेड चुन्यासारखा पांढरा झाला होता, सावली कशाचीच पडत नव्हती. मग पडदा हलला. वारा नव्हता. पडद्याची खालची कड वीतभर उचलली गेली आणि तिला दिसलं: मांडी घालून बसलेलं कुणीतरी. दोन पावलं, एकावर एक टेकलेली. घोट्यापर्यंत वाळलेला पांढरा थर, त्याला भेगा. गुडघ्यावर ठेवलेला एक हात, पालथा, अगदी स्वस्थ. लहान मुलं गोष्ट ऐकायला बसतात तसं ते बसलं होतं. हात बाईचा की पुरुषाचा, हे तिला सांगता आलं नसतं.

ती किंचाळली नाही. किंचाळायला जेवढा श्वास लागतो तेवढा तिच्याकडे नव्हता.

"मग?" आतून आलं.

हुंकार नव्हता तो. शब्द होता.

"मग काय?" ऐश्वर्याचे दात वाजत होते. "पुढे पानच नाही. लिहिणाऱ्याने एवढंच लिहिलंय."

"मग?"

कुठलाच राग नव्हता त्या आवाजात. लहान मूल विचारतं तसं. पुस्तकात नाही म्हणून गोष्टीत नाही, हे त्याला मान्यच नव्हतं. आणि त्या क्षणी, भीतीच्या अगदी तळाशी, ऐश्वर्यालाही ते मान्य नव्हतं हे तिच्या ध्यानात आलं. एवढं सगळं करून नुसता दिवा लहान होत जायचा? कोण म्हणतं?

तिने पुस्तक मिटलं.

"एक मुलगी होती," ती म्हणाली. आवाज फाटला. परत म्हणाली. "एक मुलगी होती. वर्तकनगरला राहायची. भित्री होती."

"हूंऽ."

"कॉलेजात तिला एक मुलगा भेटला. तो कल्याणचा. ती कॅन्टीनमध्ये ताट हातातून पडलं म्हणून रडत होती, तर याने आपलंही ताट मुद्दाम पाडलं. म्हणाला, आता सगळे माझ्याकडे बघतील."

"हूंऽ." त्या हुंकारात हसू होतं. शपथेवर सांगता आलं असतं तिला.

मग तिला थांबता येईना. सुमितचं घर, भिंतीवरची बुद्धाची तसबीर, मायाबाईंनी पहिल्या दिवशी न विचारता तिच्या ताटात वाढलेली दुसरी भाकरी. आपण बौद्ध नाही, ते मराठा नाहीत, एवढ्या एका गोष्टीसाठी दोन वर्षं गिळलेली वाक्यं. आईचे ताटात थांबलेले हात. प्रत्येक वाक्याला हुंकार येत होता आणि प्रत्येक हुंकाराबरोबर पुढचं वाक्य सोपं होत होतं. आज सकाळपर्यंत गोष्ट आली. दुपारपर्यंत आली.

"मग?"

"मग तिचा मामा वाट चुकला."

"मग?"

आता पुढे खरंच काही नव्हतं. घडलेलं सगळं संपलं होतं. ऐश्वर्याने ओठ पुसले. पांढऱ्या भेगाळ पावलांकडे बघत, आयुष्यात पहिल्यांदा, शेवट माहीत नसलेलं वाक्य तिने उच्चारलं.

"मग मामा घरी आला. आणि तिने आईसमोर त्याला सगळं सांगितलं. तोंडावर. आजच."

 आणि मग एक लांब, समाधानाचा हुंकार आला, जेवून उठणाऱ्याचा असतो तसा. पडदा खाली पडला. बाहेर कुणाचीतरी रिक्षा रिव्हर्स घेत बोंबलत होती.

"संपली का गो?" गोदूबाई कूस वळून म्हणाल्या. "मना जराशी डुलकी लागली. ती पोर होडीतून उतरली का?"

"उतरली आजी," ऐश्वर्या म्हणाली.

७

मामा आला तो घामाने निथळत. सोफ्यावर बसला, पाण्याचा तांब्या तसाच तोंडाला लावला.

"अरे दादा, होतास कुठे?" आई रडवेली झाली होती. "आणि ही पँट काय झाली? पीठ सांडलं का कुठे?"

मामाने खाली पाहिलं. पँटच्या दोन्ही पायांना खाली पांढरं लागलं होतं. त्याने झटकलं, बारीक खडे फरशीवर विखुरले. "कोण जाणे. एक माणूस भेटला, त्याने वाट दाखवली. बोलला काहीच नाही, नुसता हात केला. वळलो तर समोर आपला पूल!" तो हसायला गेला, हसू आलं नाही. "म्हातारा झालो गं मी. आता गाडी चालवायची नाही."

आईने केरसुणी आणली. ऐश्वर्या मधे आली.

"नंतर काढ. आई, बस इथे. मामा, तूही ऐक."

"आधी जेवू तरी दे त्याला."

"नाही. आधी हे." ती जमिनीवरच बसली. "मला रविवारी डोंबिवलीला जायचं नाही. माझं एका मुलावर प्रेम आहे. सुमित त्याचं नाव. बौद्ध आहेत ते. कल्याणला राहतात. मला त्याच्याशीच लग्न करायचंय."

कुणी हुंकार दिला नाही. पंखा फिरत होता. आईच्या हातातली केरसुणी तशीच होती. तरी ऐश्वर्या बोलत राहिली, न थांबता, ताटाच्या गोष्टीपासून आजच्या सकाळपर्यंत. समोरून काही आलं नाही तरी वाक्य पुरं करता येतं, हे तिला बोलता बोलता कळलं.

तिचं बोलून झालं तेव्हा मामा आपल्या पायांकडे बघत होता.

"माझा कंडक्टर होता संदेश," तो शेवटी म्हणाला. "त्यांच्यातलाच. सगळी नोकरी एका डब्यात जेवलो आम्ही. पण डब्यात जेवणं वेगळं आणि घरात आणणं वेगळं, असं मी काल म्हणालो असतो. आज सकाळीसुद्धा म्हणालो असतो." त्याने तांब्या खाली ठेवला. "त्या बांधावर मला वाटलं, संपलो मी. त्या माणसाला मी जातपात विचारली नाही गं. वाट विचारली फक्त."

मग त्याने डोळे वर केले. "मासे खातो का हा तुझा सुमित?"

"खातो. मला काट्यांची भीती वाटते, म्हणून माझ्या ताटातले काढूनही देतो."

"हंऽ. मग माणूस बरा असावा. रविवारी बोलाव त्याला. हो म्हणालो नाही हां मी! बघतो म्हणालो."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला. ऐश्वर्या दचकली, पण उठली आणि तिच्यामागे गेली. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"त्याच्या आईला माहितीय?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"म्हणजे मीच शेवटची." आईचे खांदे हलत होते. सुरमईच्या तुकड्यांना ती परत परत हळद लावत होती, लावलेल्यांनाच.  मग तिने डोळे मनगटाने पुसले, टोपलीतले दोन कांदे काढून सुरीसकट तिच्यापुढे सरकवले.

"उभी काय राहिलीस? चीर. आणि त्या मुलाला कालवण तिखट चालतं की नाही, ते आत्ताच विचारून ठेव."